परतीच्या अटी

परदेशातल्या विमान कंपनीचा प्रस्ताव हाती आला की त्यात सर्वांत आधी पगाराचा आकडा दिसतो, आणि तो एकदा वाचला की उरलेली पाने माणूस काहीशा घाईनेच उलटतो. असा एक प्रस्ताव गेल्या काही आठवड्यांपासून माझ्यासमोर आहे. कंपनी आखातातली, अमिरातीतली आहे, विमान लांब पल्ल्याचे, रुंद धडाचे आहे. घरभाडे, मुलीच्या शाळेचे शुल्क आणि वर्षातून एकदा कुटुंबाची तिकिटे कंपनी देणार आहे, आणि तिथे पगारावर प्राप्तिकर नाही. इथे मी एअरबस ३२० चा कॅप्टन आहे. तिथे उजव्या बाजूच्या सीटवर बसावे लागेल, म्हणजे पुन्हा फर्स्ट ऑफिसर, को-पायलट, व्हावे लागेल. या साऱ्याचा विचार मी पगारापासूनच सुरू केला होता, पण कागद पुन्हा पुन्हा वाचताना माझे लक्ष हळूहळू दुसऱ्याच गोष्टीकडे वळले. जाताना काय मिळेल ते या करारात सविस्तर लिहिलेले आहे. परत यायची वेळ आली तर कोणत्या अटींवर यायचे, याबद्दल मात्र त्यात फार थोडे आहे, आणि जे आहे ते सगळे कंपनीच्या बाजूचे आहे.

परक्या देशात नोकरी करणारा वैमानिक कसा जगतो, हे मी परदेशात न जाताच पाहिलेले आहे. मी नोकरीला लागलो तेव्हा भारतात विमानांची संख्या झपाट्याने वाढत होती आणि कॅप्टनच्या डाव्या सीटवर बसवण्याइतका अनुभव असलेले भारतीय वैमानिक पुरेसे नव्हते. म्हणून नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे आमच्या बोलण्यातले डीजीसीए, परदेशी परवाना असलेल्या कॅप्टनांना इथे उडण्याची तात्पुरती परवानगी देत असे. त्या परवानगीच्या इंग्रजी नावातली आद्याक्षरे जोडून आम्ही त्यांना ‘फाटा कॅप्टन’ म्हणत असू. त्यांच्यातल्या अनेकांचा करार सलग काही आठवडे काम आणि मग दोन-तीन आठवडे मायदेशी, अशा पद्धतीचा असे. उड्डाणात ते पक्के होते. भर पावसाळ्यात, आडवा वारा सुटलेला असताना ओल्या धावपट्टीवर विमान कसे उतरवावे, हे मी पुस्तकापेक्षा त्यांच्या हातांकडे पाहून अधिक शिकलो. परंतु कॉकपिटबाहेर ते कुणाचेच नव्हते. रोस्टरवरून, म्हणजे ड्यूटीच्या वेळापत्रकावरून, आमची वरिष्ठांशी वादावादी चाले तेव्हा ते बाजूला उभे राहत, कारण वाद घालण्याचा त्यांना अधिकारच नाही हे त्यांनी मनाशी मान्य केलेले होते. त्यांना शहराची नावे पुरती ठाऊक नसत, पण पुढच्या रजेची तारीख तोंडपाठ असे.

परदेशी वैमानिकांना अमुक तारखेनंतर परवानगी मिळणार नाही, असे डीजीसीएने ठरवायचे आणि ती तारीख जवळ आली की पुढे ढकलायची, हा प्रकार त्या काळात एकापेक्षा अधिक वेळा झाला. प्रत्येक तारखेबरोबर या माणसांच्या घरचे हप्ते आणि मुलांच्या शाळा टांगणीला लागत. आम्हा तरुण को-पायलटांना मात्र त्या तारखांचा आनंदच होता, कारण एक परदेशी कॅप्टन गेला म्हणजे आमच्यापैकी एकाची बढती जवळ आली. आपल्या देशातल्या नोकऱ्या आधी आपल्या लोकांना मिळाव्यात, हा विचार मला तेव्हा योग्य वाटत होता आणि आजही वाटतो. अडचण एवढीच की आखातातल्या देशांचेही धोरण आज हेच आहे. स्थानिक तरुणांना वैमानिक म्हणून तयार करायचे आणि त्यांना आधी वर न्यायचे, हे तिथली सरकारे उघडपणे सांगतात. उद्या तिथला एखादा तरुण को-पायलट माझ्याकडे त्याच नजरेने पाहील, ज्या नजरेने मी त्या ब्राझीलच्या किंवा पूर्व युरोपातल्या कॅप्टनांकडे पाहत होतो, आणि त्याला चूक म्हणण्याचा अधिकार मला नसेल.

मी केज तालुक्यातला. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते आणि घरची थोडी कोरडवाहू जमीन होती. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी किमान २०० तासांचे उड्डाण लागते आणि त्याचा खर्च शिक्षकाच्या पगारात बसणारा नव्हता, म्हणून कर्ज काढले आणि सातबाऱ्यावर बँकेचा बोजा चढला. परवाना हातात आला तो २००८ च्या मंदीत. तेव्हा देशात परवाना असलेले आणि नोकरी नसलेले तरुण इतके होते की लोक आईवडिलांना ‘पोरगा अजून घरीच का’ असे विचारायचे आणि आईवडील विषय बदलायचे. पुढे नोकरी लागली, कर्ज फिटले, बोजा उतरला. हे सांगण्याचे कारण एवढेच की पैशाचे मला वावडे नाही आणि पैसा तुच्छ आहे असा आव आणण्याची ऐपतही नाही. सोयाबीनचा भाव पडला की गावातल्या कोणत्या घरात लग्न पुढे ढकलले जाते हे ज्याला नावानिशी सांगता येते, तो डॉलरमधला पगार सहज बाजूला सारू शकत नाही. २०१४ च्या सुमारास एका डॉलरला ६० रुपयांच्या आसपास मोजावे लागत होते, २०२४ संपताना ८५ च्या घरात. अमिरातीचा दिर्‍हाम १९९७ पासून डॉलरला ३.६७ या ठरावीक दराने बांधलेला आहे. म्हणजे तिथे पगारवाढ एका पैशाची झाली नाही तरी गावाकडे पाठवलेली रक्कम वर्षागणिक फुगत जाते. या मोहाला मोह म्हणणेही कठीण आहे, तो साधा हिशेब आहे.

त्यात इथली नोकरी तरी कायमची आहे, असे कुणी सांगू नये. किंगफिशरची विमाने ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली. पंचवीस वर्षे उडालेली जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ च्या रात्री शेवटचे उड्डाण करून बंद पडली. गो फर्स्ट मे २०२३ मध्ये गेली. या प्रत्येक वेळी थकलेल्या पगाराचे कागद घेऊन वैमानिक दारोदार फिरले आणि त्यांच्यातले बरेच जण आखातात, व्हिएतनाममध्ये, आणखी कुठे कुठे निघून गेले. त्यामुळे ‘इथली भाकरी हक्काची आणि तिथली परक्याची’ हे वाक्य लग्नसमारंभात कुणी ऐकवले की मी गप्प राहतो. हक्क भाकरीवर नाही. हक्क असला तर तो भाकरी गेल्यावरही याच ओट्यावर बसून राहण्याचा आहे. इथे कंपनी बुडाली तर पगार बुडतो. तिथे नोकरी गेली की निवास परवाना, कंपनीने दिलेले घर, मुलीची शाळा आणि आरोग्य विमा हे सगळे एकाच पत्राने जाते, कारण ते सगळे त्या नोकरीलाच बांधलेले असते. पुढची नोकरी शोधायला सवलतीची मुदत मिळते, पण वैमानिकाला तेवढ्या मुदतीत दुसरी कंपनी, तिची निवड चाचणी आणि तिचे प्रशिक्षण हे सगळे जमणे अवघड असते, आणि अशा नोकऱ्या जातात तेव्हा त्या सगळ्या कंपन्यांमध्ये एकदमच जातात.

२०२० साली हे आम्ही सर्वांनी पाहिले. चीनमधल्या कंपन्यांनी पूर्वी जगात कुठे नसतील असे पगार देऊन परदेशी कॅप्टन नेले होते. साथ सुरू होताच त्यांना बिनपगारी रजेवर पाठवण्यात आले. हाँगकाँगच्या कॅथे पॅसिफिकने त्या ऑक्टोबरमध्ये कॅथे ड्रॅगन ही आपली उपकंपनी बंद केली आणि सुमारे ५,९०० माणसांची नोकरी गेली. आखातातल्या मोठ्या कंपन्यांनीही वैमानिक मोठ्या संख्येने कमी केले. ७ मे २०२० पासून ‘वंदे भारत’ची विमाने परदेशात अडकलेल्यांना परत आणू लागली, तेव्हा त्या प्रवाशांत आदल्या महिन्यापर्यंत तसलीच विमाने चालवणारे लोकही होते. भारतातही पगार कापले गेले आणि बिनपगारी रजा दिल्या गेल्या, हे खरे आहे. पण माझ्या ओळखीतले जे लातुरात, परभणीत, संभाजीनगरात घरी बसले, ते आपल्या घरी बसले होते.

करार घेऊन मी गावी गेलो तो वडिलांना दाखवण्यासाठी, आणि तो वाचून घेतला माझ्या चुलत्यांनी. नाना आयुष्यभर ऊसतोडीचे मुकादम होते. आमच्या भागातून दसरा-दिवाळीनंतर टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांच्या फडावर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. जाण्याआधी नवराबायकोच्या जोडीला, म्हणजे एका कोयत्याला, मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो, आणि हंगामात ती अंगावरून फिटली नाही तर बाकी पुढच्या सालावर जाते. नानांना मी करारातली कलमे मराठीत समजावून सांगितली. रुजू होताना मिळणारी रक्कम ठरावीक वर्षांच्या आत नोकरी सोडली तर परत करायची. नव्या विमानाच्या प्रशिक्षणाचा खर्च कंपनी करणार, पण त्यासाठी बंधपत्र लिहून द्यायचे आणि मध्येच सोडले तर उरलेल्या महिन्यांच्या हिशेबाने ती रक्कम भरायची. घरभाडे, शाळेचे शुल्क आणि उड्डाणभत्ता यांचे दर ‘कंपनीच्या त्या त्या वेळच्या धोरणानुसार’ बदलता येतील. बेस, म्हणजे नेमणुकीचे शहर, आणि विमानाचा प्रकार बदलण्याचा अधिकार कंपनीकडे. वाद झाला तर कायदा तिथला आणि न्यायालयही तिथलेच.

मला वाटले होते की नाना कपाळाला आठ्या घालतील. त्यांना यात काहीच वावगे वाटले नाही. “बिनउचलीचा कोण जातंय?” ते म्हणाले. “पैसे आधी दिलेत तर ते धरूनच ठिवणार की तुला.” मग थोडे थांबून त्यांनी विचारले, “फड सुटल्यावर हिशेब कुणाच्या वहीत हाय?” मी म्हटले, कंपनीच्याच. “मग उचल जास्तीची माग. शेवटाला ज्याची वही त्याचाच हिशेब असतोय. तुझ्या हाताला लागंल ते पयल्याच दिवशी.” आणि जावे असेच त्यांचे मत पडले. माझ्या आणि कोयत्याच्या जगण्यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. मी वातानुकूलित कॉकपिटमध्ये बसतो आणि त्या बाया पहाटेच्या थंडीत मोळ्या डोक्यावर घेऊन गाडी भरतात, हे विसरून तुलना करणे अश्लाघ्य होईल. तरीही नानांना तो करार इतका ओळखीचा वाटावा, ही गोष्ट मला रात्रभर टोचत राहिली. मी त्यांना एक पाऊलभर पुढची, जगात वरच्या पंक्तीतली नोकरी दाखवत होतो, आणि ते तिच्यात आपली जुनी वही वाचत होते.

वडील फार बोलले नाहीत. “पगार कळला. रजा कशी हाय ते सांग,” एवढेच त्यांनी विचारले. रजा वर्षाला सहा आठवड्यांच्या आसपास आहे, पण ती कधी मिळेल हे कंपनीची रजावाटपाची यादी ठरवते, आणि नव्या माणसाला दिवाळी, मे महिना, लग्नसराई यांतले दिवस मिळण्याचा संभव कमी. वडील सत्तरीच्या पुढे आहेत, आईला मधुमेह आहे. हा मुद्दा मी इथे लांबवत नाही, कारण परगावी नोकरी करणाऱ्या प्रत्येकाच्या घरात तो आहे आणि त्याचे उत्तर कुणाकडेही नाही.

अंतराचा हिशेब मात्र थोडा विचित्र आहे. सध्या माझा बेस हैदराबाद आहे आणि घर लातूरला. आमच्या भागाला हैदराबाद परके नाही. १९५६ पर्यंत तीच आमची राजधानी होती, आणि निजामाच्या संस्थानाने टाटांच्या साथीने १९४५ मध्ये सुरू केलेली डेक्कन एअरवेज बेगमपेठहून उडत होती, त्यामुळे मराठवाड्याच्या माणसाला विमान दिसले तेही बहुधा तिथेच. आजही साप्ताहिक सुट्टी मिळाली की मी गाडीने किंवा रात्रीच्या रेल्वेने लातूर गाठतो. आखातातून हैदराबाद चार तासांच्या आत येते आणि हैदराबादहून लातूर त्याहून जास्त वेळ घेते. लातूरला धावपट्टी आहे, पण तिथे नियमित प्रवासी सेवा टिकली नाही. नांदेडची सेवा बंद पडते आणि पुन्हा सुरू होते. संभाजीनगरहून मुंबई-दिल्ली मिळते, पण संभाजीनगर आम्हाला हैदराबादइतकेच लांब. म्हणजे घड्याळाने पाहिले तर परदेश जवळ आणि गाव दूर, असा प्रकार आहे. पण घड्याळाने पाहून भागत नाही. इथून रोस्टरच्या दोन सुट्ट्यांत जाऊन येता येते. तिथून दोन सुट्ट्यांत येण्यासाठी कंपनीच्या रिकाम्या सीटवर भरवसा ठेवावा लागतो, आणि ज्या विमानात सीट रिकामी नाही त्याच विमानाने जायची गरज नेहमी पडते.

आता कामाकडे वळतो, कारण या निर्णयात वैमानिक म्हणून माझाही काही स्वार्थ आहे. लांब पल्ल्याचे विमान उडवण्याची इच्छा मला आहे. दिवसाला चार-चार वेळा चढउतार करून झाल्यावर एकच लांब उड्डाण, दुसरे आकाश, दुसरी हवामानव्यवस्था, अटलांटिकवरचे किंवा ध्रुवाकडून जाणारे मार्ग, याची ओढ खोटी नाही. पण त्या उड्डाणांचा थकवाही खोटा नाही. आखातातल्या विमानतळांचा सारा व्यवहार एका खंडातून आलेले प्रवासी दुसऱ्या खंडाकडे धाडण्यावर चालतो, त्यामुळे विमानांचा मोठा लोंढा मध्यरात्रीनंतर दोन-तीन वाजता सुटतो. चाळिशीनंतरच्या शरीराने आज पूर्वेला आणि चार दिवसांनी पश्चिमेला, दोन्ही वेळा रात्रीच जायचे, हे वाटते त्याहून कठीण आहे, असे तिथे दहा वर्षे काढलेले माझे जुने सहकारी सांगतात आणि सांगतानाही त्यांना जांभया आवरत नाहीत. आपल्याकडे रात्रीच्या ड्यूटीचे नियम कडक झाले. साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली आणि रात्रीच्या लँडिंगची संख्या सहावरून दोनवर आणण्याचे ठरले. हे नियम २०२५ मध्ये दोन टप्प्यांत लागू झाले आणि त्याच डिसेंबरमध्ये उड्डाणे मोठ्या संख्येने रद्द झाल्यावर त्यांत तात्पुरत्या सवलतीही द्याव्या लागल्या. तरी त्या नियमांसाठी वैमानिकांच्या संघटना न्यायालयात गेल्या होत्या आणि तिथे त्यांचे म्हणणे ऐकून घेतले गेले. जिथे मी जाणार आहे तिथे संघटनाच नाही. नियम कागदावर चांगले असतील, कदाचित आपल्याहूनही चांगले. पण ते मोडले गेले तर कुणाकडे जायचे, हा प्रश्न मी जुन्या सहकाऱ्यांना विचारला तेव्हा दोघे हसले आणि तिसऱ्याने विषय बदलला.

ज्येष्ठतेचा मुद्दा बाहेरच्या लोकांना फारसा कळत नाही. आमच्या धंद्यात अनुभव बरोबर नेता येतो, ज्येष्ठता नेता येत नाही. माझे हजारो तास माझ्या लॉगबुकात राहतील, परंतु नव्या कंपनीच्या यादीत माझा क्रमांक रुजू होण्याच्या तारखेप्रमाणे सर्वांत शेवटी लागेल, आणि रजा, बेस, विमान, बढती यांतले बरेच काही त्या क्रमांकावर ठरते. कॅप्टन होण्यासाठी तिथे किती वर्षे लागतील याचे उत्तर भरतीच्या मुलाखतीत फार आशादायक मिळते. व्यावसायिक प्रवासी विमानात दोन वैमानिकांच्या उड्डाणासाठी वयाची आंतरराष्ट्रीय मर्यादा ६५ आहे, म्हणजे काळ माझ्याकडे पुरेसा आहे असे म्हणता येईल. पण दहा वर्षांनी परत यायचे ठरवले तर इथल्या यादीतही मी पुन्हा तळाशीच असेन. दोन्ही याद्यांच्या तळाशी जाऊन येणारा माणूस, हे चित्र पगाराच्या तक्त्यात कुठे दिसत नाही. शिवाय इथला परवाना जिवंत ठेवणे हे वेगळे काम आहे. भारतीय परवान्याची मुदत २०२३ मध्ये पाच वर्षांवरून दहा वर्षांवर नेली गेली, त्यामुळे कागद टिकतो. तो वापरता येण्यासाठी लागणारी वैद्यकीय तपासणी आणि ठरावीक चाचण्या मात्र चुकत नाहीत. आणि वैद्यकीय तपासणी ही सगळ्याच वैमानिकांच्या डोक्यावरची गोष्ट आहे. रक्तदाब, साखर, हृदयाच्या आलेखातली एखादी रेष यांमुळे परवाना थांबला, तर इथे जमिनीवरचे काही काम मिळण्याची शक्यता तरी असते. त्या करारात अशा वेळी काही महिन्यांचा पगार आणि त्यानंतर सेवासमाप्ती, इतके दोन ओळींत लिहिलेले आहे.

ग्रॅच्युइटीबद्दल एक गोष्ट सांगून पैशांचा विषय संपवतो. अमिरातीच्या कायद्यात पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षामागे २१ दिवसांचे आणि त्यापुढे दर वर्षामागे ३० दिवसांचे मूळ वेतन नोकरी सोडताना मिळते. यातला ‘मूळ’ हा शब्द महत्त्वाचा, कारण डोळे दिपवणाऱ्या एकूण रकमेत घरभाडे आणि भत्ते मोठे असतात आणि शेवटच्या हिशेबात ते धरले जात नाहीत. भारतातला कर वाचवण्यासाठी वर्षात किती दिवस इथे राहायचे, १८२ दिवसांची मर्यादा कुणाला आणि १२० दिवसांची कुणाला, हे माझ्या सनदी लेखापालाने समजावून सांगितले आहे. कॅलेंडरवर गावी राहण्याचे दिवस मोजायचे आणि तेही कर लागू नये म्हणून, ही कल्पना मला आवडली नाही, पण ती आवडण्या-न आवडण्याची बाब नाही.

खरी गाठ घरात आहे. माझी पत्नी लातूरच्या एका अनुदानित महाविद्यालयात प्राध्यापक आहे. ती आली तर बिनपगारी रजा घ्यावी लागेल, ती किती काळ मिळेल याची खात्री नाही, आणि तिथे ती माझ्या व्हिसावरची अवलंबित व्यक्ती असेल. तिने हे सारे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “तुम्ही रजेवर घरी याल ते कुठल्या घरी, तिथल्या की इथल्या?” मुलगी आठवीत आहे आणि लातुरातल्या निम्म्या मुलांप्रमाणे तिलाही डॉक्टर व्हायचे आहे. महाराष्ट्रात वैद्यकीय प्रवेशाच्या ८५ टक्के राज्य कोट्यासाठी अधिवासाबरोबरच दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून उत्तीर्ण होणे सर्वसाधारणपणे आवश्यक असते. मराठवाड्याच्या पालकांना या कोट्याची भाषा फार लवकर कळते, कारण विभागवार जागांचे ७०:३० चे सूत्र (७० टक्के जागा त्या विभागातल्या मुलांना, ३० टक्के इतरांना) २०२० मध्ये रद्द होईपर्यंत आमच्या मुलांनी त्याची किंमत मोजलेली आहे. तिने दहावी आखातातल्या शाळेतून केली, तर मी मिळवलेला सगळा वाढीव पगार कुठल्या तरी खासगी महाविद्यालयाच्या शुल्कात जाईल. ती आणि तिची आई इथेच राहिल्या, तर मी कुटुंबासाठी म्हणून घेतलेली नोकरी कुटुंबाशिवाय करीन. कंपनी शाळेचे शुल्क देते म्हणते, ते तिथल्या शाळेचे. लातुरातल्या शाहू महाविद्यालयाच्या परिसरातल्या शिकवण्यांचे नव्हे.

आणि या सगळ्याच्या आधी एक अडसर आहे, जो परदेशी कंपन्यांच्या भरती अधिकाऱ्यांना समजावताना दमछाक होते. डीजीसीएच्या नियमानुसार विमान कंपनी सोडताना कॅप्टनला १२ महिन्यांची आणि को-पायलटला सहा महिन्यांची पूर्वसूचना द्यावी लागते. कॅप्टनांची मुदत २०१७ मध्ये सहा महिन्यांवरून वर्षावर नेण्यात आली आणि त्याविरुद्ध वैमानिक न्यायालयातही गेले. एकदा राजीनामा दिला की पुढचे वर्ष माणूस जुन्या कंपनीत नकोसा झालेला आणि नव्या कंपनीत अजून न पोचलेला, असा राहतो. त्या वर्षात तेलाचे भाव, कुठले तरी युद्ध, एखादी साथ, यांपैकी काहीही झाले तर तिकडचा प्रस्ताव मागे घेतला जाऊ शकतो. तसे करण्याचा अधिकार प्रस्तावाच्या शेवटच्या पानावर कंपनीने राखून ठेवलेला आहे.

म्हणून मी होकारही कळवलेला नाही आणि नकारही. मी कंपनीला काही प्रश्न लिहून पाठवले आहेत. निवासी कराराऐवजी काही आठवडे काम आणि काही आठवडे मायदेशी, अशा पद्धतीचा करार मिळेल का. तो थेट कंपनीशी असेल की मधल्या एजन्सीशी, कारण एजन्सीच्या करारात ग्रॅच्युइटी आणि आजारपणाची रजा बहुधा नसते. माझ्या पूर्वसूचनेचे वर्ष संपेपर्यंत प्रस्ताव लेखी कायम राहील का. आणि कंपनीने स्वतःहून मला काढले तर प्रशिक्षणाचे बंधपत्र रद्द होईल का. शेवटचा प्रश्न नानांचा आहे, मी फक्त त्याचे इंग्रजी केले. पहिल्या प्रश्नाला होकार आला तर मुलगी लातुरातच दहावी करील, पत्नीची नोकरी राहील आणि मी रुजू होईन. पगार त्यात बराच कमी होतो हे मला माहीत आहे. भरती विभागातून तीन दिवसांत उत्तर आले. त्यात माझ्या उत्सुकतेबद्दल आभार मानले होते, पगाराचा तक्ता पुन्हा जोडलेला होता, आणि उरलेल्या मुद्द्यांबाबत संबंधित विभाग यथावकाश कळवेल असे म्हटले होते. राजीनाम्याचे पत्र मी अजून लिहायला घेतलेले नाही.